शनिवार राखून ठेव, छोटे

छोटे, लोणच्याच्या बरण्या किती न्यायच्या, कुकर दोन लिटरचा की तीनचा, ते आई आणि मोठी काकू बघून घेतील. त्यांच्या यादीत आपण तोंड घालायचं नाही. तू जरा गच्चीवर ये. वारा पडलाय खरा, पण खाली कूलरच्या घरघरीत धड बोलता येत नाही, आणि मला तुझ्याशी शनिवारांबद्दल बोलायचंय.

कोणते शनिवार म्हणून काय विचारतेस? ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंतचे. मिशिगन विद्यापीठात चाललीस म्हटल्यावर जो तो तुला थंडीचं सांगेल, प्राध्यापकांचं सांगेल, लायसन कधी काढायचं तेही सांगेल. या तीन महिन्यांचं कोणी सांगत नाही, आणि जड जातात ते हेच महिने. बँक, सिमकार्ड, खोली ही सुरुवातीची धावपळ आटोपते न आटोपते तोच गणपती येतात. नांदुऱ्यात संध्याकाळची आरती सुरू होते तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ-दहा झालेले असतात. तू वर्गात, आणि घरच्या ग्रुपवरचे व्हिडिओ खिशात थरथरतायत. त्यामागून नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, सगळं ओळीनं. डेट्रॉईटचं महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे जरूर जा, ओळखी कर, मोदक हाण. पण मंडळ काही दर आठवड्याला नसतं. उरलेले शनिवार खोलीत लोळत लोकांचे स्टेटस बघण्यात घालवलेस तर डिसेंबरात तू ओळखू येणार नाहीस. आणि गंमत अशी की आपल्या सणांचे तेच त्यांच्या कॉलेज फुटबॉलचे दिवस. म्हणून सांगते, फुटबॉलची भक्त हो. अधूनमधून डोकावणारी नको, चांगली पक्की भक्त.

हसू नकोस. आजीला मी एकदा फोनवर मॅच दाखवली होती. तिनं पदर सावरला, चष्मा पुसला आणि म्हणाली, “काऊन माय, एका बॉलसाठी एवढे पोट्टे एकमेकाच्या अंगावर पडून राह्यले?” पहिल्यांदा बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर ही भलीमोठी पॅडं, आणि चेंडू बहुतेक वेळ हातातच. पण तू शाळेत कबड्डी खेळलीस, तुला लवकर उमजेल. इथेही सगळं भांडण समोरच्याच्या मैदानात किती आत घुसता येतं याचं आहे. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार चढाया मिळतात; त्या चारांत मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा नव्याने चार. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्यांचा. या एकेका चढाईला डाउन म्हणतात. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूला अकरा-अकरा जण. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. वर एक जादा गुण लाथ मारून मिळवता येतो, नाहीतर पुन्हा आत घुसून दोन. लांबूनच खांबांमधून चेंडू मारला तर तीन. तिसऱ्या डाउनपर्यंत काम झालं नाही की चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्यांना मागून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. झालं, एवढ्यावर पहिला महिना निघतो. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो, त्यामुळे बाजूच्याला विचारायला भरपूर वेळ असतो, आणि बाजूच्याला सांगायची हौसही असते.

एक गोष्ट मात्र कोणी आपणहून सांगणार नाही, ती मी सांगते. चेंडूकडे बघू नकोस. चेंडूच्या पुढे जे पाच अगडबंब गडी वाकून उभे असतात ना, त्यांच्याकडे बघ. ते पाच जण पुढे रेटतायत की मागे ढकलले जातायत, यावर पुढचं सगळं ठरतं. नाव होतं चेंडू फेकणाऱ्याचं, फोटो छापून येतो पळणाऱ्याचा, आणि मॅच जिंकून देतात हे पाच. हे एकदा दिसायला लागलं की त्या ढिगाऱ्यात तुला खेळ दिसेल.

नियम सगळे यायला हवेत असंही नाही बरं का. 1950 साली नोव्हेंबरात मिशिगनची ओहायो स्टेटशी कोलंबसला मॅच झाली. बर्फाचं वादळ असं की मैदानावरच्या रेघा दिसेनात. त्या दिवशी मिशिगनने एकदाही चार डाउनमध्ये दहा यार्ड पार केले नाहीत. चोवीस वेळा चेंडू लाथाडून दिला आणि 9-3 ने मॅच जिंकली! नियमांच्या पुस्तकात ही मॅच कशी बसवायची ते तूच सांग.

आता स्टेडियम. बाहेरून तुझा हिरमोडच होईल. एवढं काय ते, म्हणशील, कारण रस्त्यावरून ते बुटकं दिसतं. ते बांधलंच आहे जमिनीत खोदून. फाटकातून आत गेलीस की तू वरच्या बाजूला असतेस आणि पायाखालून बाकांच्या रांगा खाली, खाली, खाली उतरत जातात, आणि तळाशी हिरवं मैदान. 1927 मध्ये उघडलं. आज 1,07,601 लोक बसतात, अमेरिकेतलं सर्वांत मोठं. विद्यापीठ ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या घरात, त्यावरून हिशेब कर. नांदुरा अख्खं उचलून नेऊन बसवलं तरी किती बाकं रिकामी राहतील! 2013 साली नोत्रे दामच्या मॅचला 1,15,109 माणसं होती. 1975 पासून घरच्या मैदानावर लाखाच्या खाली प्रेक्षक आलेत ते फक्त कोविडच्या हंगामात.

मॅचच्या आधी बँड येतो, तो चुकवू नकोस. वेळेवर जायचं म्हणजे चांगलं अर्धा-पाऊण तास आधी जायचं. पुढे चालणारा ड्रम मेजर मागे वाकत वाकत जातो आणि डोकं जमिनीला टेकवतो. सगळं स्टेडियम श्वास रोखून बघतं. त्या बँडमध्ये 1972 पर्यंत मुलींना घेत नसत. आता पुढ्यात ट्रॉम्बोन धरून धावणाऱ्या पोरी बघितल्या की मला भलतंच बरं वाटतं.

आणि ओरडायचं कधी तेही शिकून घे. आपली टीम चढाईवर असली की गप्प. एकदम गप्प, कारण आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. समोरचे चढाईवर असले की घसा फुटेस्तोवर ओरड, त्यांना ऐकू येता कामा नये. त्यांचा तिसरा डाउन आला की लोक खिशातल्या किल्ल्या काढून हवेत खुळखुळवतात. माझ्या जुडग्यात इथल्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली आणि गजानन महाराजांचं लॉकेट आहे, ते लाखभर लोकांच्या किल्ल्यांबरोबर वाजतं. तूही इथलीच एखादी किल्ली ने. खोलीला तिकडे नुसतं कार्ड असतं, ते वाजत नाही.

आता तू म्हणशील, पोरांच्या मॅचला लाख माणसं कशाला? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामने होतात तेव्हा मैदानावर दोन टीम, त्यांचे सर आणि पाण्याच्या बाटल्या धरणारी चार पोरं, संपला प्रेक्षक. तिकडे उलटं झालं, कारण तिकडे कॉलेजचा खेळ आधी आला. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांची पहिली मॅच 1869 ची. पगारी खेळाडूंची राष्ट्रीय लीग सुरू झाली 1920 ला. पन्नास वर्षं लोकांनी कॉलेजच्या टीमलाच आपलं मानलं आणि ते तसंच राहिलं. शिवाय लीगची टीम मालकाची असते. बाल्टिमोरच्या टीमने 1984 साली एका रात्रीत ट्रक भरले आणि इंडियानापोलिसला बस्तान हलवलं, गाव बघत राहिलं. विद्यापीठ कुठे हलतंय? मिशिगनची टीम शंभर वर्षांनीही ॲन आर्बरलाच असणार. म्हणून सांगते, लीगच्या नादी लागू नकोस, जीव लावायचा तर कॉलेजच्या टीमला लाव.

टीम कोणती, हा प्रश्नच नाही. जिथं दाणापाणी, तिथली टीम. वर्गातली दोन हुशार पोरं तुला सांगतील की अलाबामा बघ, जॉर्जिया बघ, ते जास्त जिंकतात. त्यांना हसून सोडून दे. कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा माणूस गुणतक्ता बघून पेठ बदलत नाही. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर ते कोल्हापूरचं, आणि ते वेड पेठेपासून सुरू होतं. तू तर मक्याच्या पट्ट्यातली पोरगी. तुझ्या विद्यापीठाचा रंगच निळा आणि मक्याचा पिवळा आहे, आता आणखी काय पाहिजे?

पण हरायची तयारी ठेव. मिशिगन 1997 ला अजिंक्य झालं, त्यानंतर थेट 2023 च्या हंगामात. मधली पंचवीस वर्षं लोकांनी काय केलं असेल? 2007 च्या पहिल्याच मॅचला, देशात पाचव्या क्रमांकावर असताना, ते ॲपलॅचियन स्टेटकडून घरी 34-32 ने हरले. खालच्या गटातली टीम, नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आणि 2015 चा ऑक्टोबर तर विचारूच नकोस. शेजारच्या मिशिगन स्टेटविरुद्ध दहा सेकंद उरलेले, आपण 23-21 ने पुढे, फक्त एक पंट मारायचा. पंट मारणाऱ्या पोराच्या हातातून चेंडू निसटला, समोरच्यांनी उचलला आणि वेळ संपता संपता टचडाउन. 27-23. ज्या पोराने तो टचडाउन केला त्याचं त्याच पळण्यात कंबरेचं हाड मोडलं. जिंकला आणि थेट दवाखान्यात.

इकडे ज्याच्या हातातून चेंडू निसटला तो ऑस्ट्रेलियाहून आलेला विद्यार्थी. त्या रात्री लोकांनी ऑनलाइन त्याला नाही नाही ते लिहिलं. शेवटी विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना जाहीर पत्र काढून लोकांना समज द्यावी लागली. छोटे, इथे मी तुझी मोठी बहीण म्हणून बोलते: त्या गर्दीत तू कधी जाऊ नकोस. ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. उद्या तू कुठल्यातरी वर्गाला शिकवायला उभी राहशील तेव्हा त्यातलाच एखादा मागच्या बाकावर पाय लांब करून बसलेला असेल, आणि त्याचा गृहपाठ राहिलेला असेल. प्रशिक्षकावर बोल हवं तर. त्याला कोट्यवधींचा पगार आहे. तिकडच्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा कोच असतो. पोरांना 2021 च्या जुलैपर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे स्वतःच्या नावावरही दमडी कमवायची परवानगी नव्हती. आता कमवतात, विद्यापीठंही 2025 पासून थेट पैसे देतात, आणि त्याबरोबर पोरं दरवर्षी टीमही बदलतात. जुने लोक यावर कुरकुरतात. मी नाही कुरकुरत. ज्यांची हाडं मोडतात त्यांना पैसे मिळाले तर बिघडलं कुठे?

ओहायो स्टेटचं वेगळं सांगायला हवं. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे ओहायो. 1897 पासून चालत आलंय. तिकडे कोलंबसला त्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचं एम हे अक्षर लाल पट्टी लावून खोडतात, आणि मिशिगनचं नाव तोंडातून काढत नाहीत, ‘ती वरची टीम’ म्हणतात. भांडणाचं मूळ फुटबॉलच्याही आधीचं आहे. 1835 मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून दोघांत चक्क सीमावाद पेटला होता, दोन्हीकडून फौजा निघाल्या होत्या. टोलेडो ओहायोला गेलं. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हा राग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 2004 ते 2019 या सोळा मॅचमध्ये आपण एकदाच जिंकलो, 2011 ला. 2021 ला बर्फ पडत असताना ॲन आर्बरला 42-27 ने जिंकलो तेव्हा लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले, आणि चांगली पन्नाशीची माणसं त्या बर्फात उभी राहून रडत होती. तू कितीही शांत स्वभावाची असलीस तरी त्या आठवड्यात लाल रंगाचा स्वेटर घालू नकोस. दसऱ्याला काकूने दिलेला असला तरी नको.

बघ, आता जरा अवघड बोलते. टीमवर जीव लाव, पण डोळे मिटून नको. या विद्यापीठात खेळाडूंचा एक डॉक्टर होता, रॉबर्ट अँडरसन. 1966 पासून 2003 पर्यंत नोकरीत, आणि तपासणीच्या नावाखाली त्याने विद्यार्थ्यांवर अत्याचार केले. त्यात फुटबॉलचे कितीतरी खेळाडू, हे अंगाने पहाडासारखे. वर्षानुवर्षं तक्रारी दबल्या. 2022 मध्ये विद्यापीठाने एक हजाराहून अधिक लोकांना मिळून 49 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तोपर्यंत तो डॉक्टर मरूनही गेला होता. ज्या बो शेंबेक्लर या कोचचा पुतळा तिथे आहे, त्याला हे कळवलं होतं आणि त्याने काही केलं नाही, असं त्याच्याच मुलाने आणि जुन्या खेळाडूंनी जाहीर सांगितलं. 2023 च्या अजिंक्यपदालाही समोरच्या टीमच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाचा डाग आहे. मुख्य कोच जिम हार्बो शेवटच्या तीन साखळी सामन्यांना मैदानाबाहेर होता. हे तुला ठाऊक असायला हवं. कोणी विषय काढला तर टीमची बाजू घेऊन भांडायला जाऊ नकोस, ऐकून घे. आपल्या माणसाचं चुकलं की चुकलं म्हणायचं, एवढं आपल्या घरात शिकलोच आहोत.

बाकी बारीकसारीक. विद्यार्थ्यांना हंगामाचं तिकीट सवलतीत मिळतं, ते विक्रीला निघालं की लगेच घे आणि डॉलरचे रुपये करत बसू नकोस. तशी गुणाकार करत राहिलीस तर तिकडे कॉफीसुद्धा पिणं होणार नाही. विद्यार्थ्यांच्या भागात अख्खी मॅच लोक उभेच राहतात, तेव्हा बूट चांगले हवेत. सप्टेंबरात ऊन चटका देतं, नोव्हेंबरात त्या धातूच्या बाकांना हात लावला तर कळ मस्तकात जाते. थर्मल आत, हातमोजे दोन. मोठी पिशवी नेऊ नकोस, दारावर अडवतात. मॅचच्या आधी लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या पेटवतात, खातात-पितात. तू शाकाहारी, तुझ्या वाट्याला कणीस आणि बटाटे येतील. म्हणून चिवड्याचा मोठा डबा ने. चिवडा घेऊन गेलेल्या माणसाला त्या मैदानावर कोणी परकं म्हणत नाही, हा माझा अनुभव. पिणारे पुष्कळ असतात. तुला नको असेल तर नको म्हण, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि विचारलंच तर तिथून उठ. रात्रीची मॅच असेल तर परतताना तीन-चार जणींनी मिळून चालत या. जाणाऱ्या गर्दीबरोबरच निघायचं, मागे रेंगाळायचं नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर घरच्या मैदानावर हंगामात सात-आठच मॅच असतात. तुझा गाईडसुद्धा शनिवारी दुपारी ईमेलला उत्तर देत नाही, का ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. शुक्रवारी रात्री काम संपव. रविवार आहेच.

आणि घरचं. दुपारी बाराची मॅच असली की नांदुऱ्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेदहा. ओहायोची मॅच बहुतेक बारालाच असते, म्हणजे इकडे संपायला रात्रीचे दोन. विषम सालांत ती ॲन आर्बरला होते, सम सालांत कोलंबसला. बाबा जागणार, हे धरूनच चाल, त्यांना डाउन-बिउन काही कळत नाही, पण “आपले किती?” हे विचारल्याशिवाय झोपत नाहीत. हंगामाचं वेळापत्रक हाती आलं की त्यांना पाठव, आणि वेळ आपली लिहून पाठव, तिकडची नको. ते कालनिर्णयवर पेनाने लिहून ठेवतात. आईला मात्र मॅच चालू असताना फोन करू नकोस. मागे एवढा आरडाओरडा ऐकला की तिला वाटतं कुठेतरी दंगल झाली, आणि मग ती मला उठवते.